प्रोसिडिंग वहीवरचा पिठाचा डाग

गेल्या वर्षी जूनमध्ये मला कळलं की मी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. आणि आजकालची नाही, दीड वर्षापासून आहे, आणि त्या दीड वर्षात झालेल्या एकूण एक बैठकीला मी हजर आहे, ठरावांना अनुमोदन देतेय, "सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन" त्या चर्चेत पण मी आहे.

झालं असं की मुलीचं बोनाफाईड आणायला शाळेत गेले होते. मुख्याध्यापक सर केंद्रावर मीटिंगला गेलेले, बाई म्हणाल्या बसा ताई, मी वर्ग बघून येते. टेबलावर एक जाड वही उघडीच पडलेली, वर लिहिलेलं इतिवृत्त रजिस्टर, गावात सगळे तिला प्रोसिडिंग वही म्हणतात. सहज नजर गेली तर सह्यांच्या रांगेत सातव्या नंबरला माझं नाव आणि पुढे माझीच सही. खोटी नाही, माझीच. मी पानं मागे मागे उलटत गेले, प्रत्येक महिन्याला आहे. आणि एका पानावर, जानेवारीतल्या बैठकीच्या, सहीच्या बाजूला पांढरट डाग होता, बोटाचा, वाळून कडक झालेला. नखानं खरवडला तर पीठ निघालं, ज्वारीचं.

मग आठवलं सगळं. सकाळी साडेनऊच्या टायमाला चौथीतला एखादा पोरगा वही घेऊन दारात यायचा, "काकू, सरांनी सही मागितलीय". मी तव्यावर भाकरी टाकलेली असायची, पदराला दोन बोटं पुसायची आणि तो बोट ठेवेल तिथं सही करायची. मला वाटायचं खिचडीच्या तांदळाचं काहीतरी असेल, नाहीतर पालकांनी वह्या मिळाल्याची सही. विचारलं कधीच नाही. पोरगा पुढच्या घरी जायचा, तिथली बाई पण तशीच सही करायची, नाहीतर अंगठा.

तेव्हा मला आधी राग आला तो सरांचा नाही, मला माझाच आला. बारावी शिकलेली बाई मी, वाचता येतं, आणि दीड वर्ष न वाचता सही करत आले.

बाई परत येईपर्यंत मी मोबाईलमध्ये चार-पाच पानांचे फोटो काढले. लपून नाही, त्या आल्यावर सांगितलं पण की मी सदस्य आहे असं दिसतंय तर फोटो काढलेत. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दाराकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बरं केलंत ताई."

रात्री जेवणं झाल्यावर फोटो मोठे करून करून वाचले. एक ठराव होता शाळेला आलेल्या २५,००० रुपयांच्या खर्चाचा. हे समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान, पटावर जितकी मुलं त्या हिशोबानं येतं, ३१ ते १०० पट असला की २५,००० मिळतात. आमचा पट ८६. खर्च असा होता: रंगकाम ९,५००, वॉटर फिल्टर दुरुस्ती ४,२००, खेळाचं साहित्य ६,०००, स्वच्छता साहित्य २,८००, स्टेशनरी २,५००. बेरीज बरोबर जुळते, एक रुपया इकडचा तिकडे नाही. पण फिल्टर बंद आहे हे मला माहीत होतं, कारण माझी मुलगी रोज घरनं पाण्याची बाटली नेते आणि बाटली संपली की वहिनींच्या घरी जाऊन पाणी पिते. रंग समोरच्या एका भिंतीला होता, मागच्या खोलीचं प्लास्टर पडून विटा दिसतात. खेळाच्या साहित्याचं मुलीला विचारलं तर म्हणाली, आई एक बॉल आहे, तो पण सातवीची पोरं देत नाहीत.

नवऱ्याला दाखवलं. तो वाईट माणूस नाही पण म्हणाला, कशाला त्या भानगडीत पडतेस, अध्यक्ष आपल्या भावकीतला आहे, उद्या बांधावरनं भांडणं व्हायची. आणि खरंय, गावात कुठलीच गोष्ट नुसती शाळेची राहत नाही, ती लगेच बांधाची, पाण्याच्या पाळीची, सोसायटीच्या इलेक्शनची होते. म्हणूनच तर सगळे गप्प असतात. पण मला रात्रभर एकच वाटत राहिलं की उद्या कुणी हिशोब मागितला तर कागदावर मी उभी आहे, अध्यक्षाच्या बरोबरीनं.

पुढचे पंधरा दिवस मी कायदा वाचला. मोठा नाहीये तो. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यातलं कलम २१ आपल्यासाठी आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश लोक शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईबाप किंवा पालक पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत, आणि वंचित, दुर्बल घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा पाहिजे. महाराष्ट्रात १२ ते १६ जणांची समिती असते, पालकसभेत निवडायची, अध्यक्ष पालकांमधूनच, मुख्याध्यापक सचिव, दोन वर्षांची मुदत, महिन्याला एक बैठक. काम काय तर शाळा कशी चाललीय त्यावर लक्ष ठेवायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा आणि आलेलं अनुदान कुठं खर्च झालं ते बघायचं. तेव्हा कळलं की वही घरोघर का फिरत होती. आमच्या सहीशिवाय बिल पुढे जात नव्हतं, त्यांना आम्ही नको होतो पण आमची सही पाहिजे होती.

आणि अध्यक्ष पालकांमधला पाहिजे हे वाचल्यावर तर मी उठूनच बसले. आमच्या अध्यक्षांची दोन्ही मुलं सकाळी पिवळ्या व्हॅनमधून तालुक्याला इंग्लिश मिडीयमला जातात. सगळा गाव ती व्हॅन बघतो, रोज हॉर्न वाजवत आमच्याच शाळेसमोरून जाते. म्हणजे ज्यांचं एकही लेकरू या शाळेत नाही ते तिचे अध्यक्ष. त्यांनी मुलं कुठं घालावीत हा त्यांचा प्रश्न, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ज्याच्या पोराला या फिल्टरचं पाणी प्यायचं नाही त्याला तो फिल्टर बंद असल्याची टोचणी कशी लागणार?

लोक म्हणतात सरकारचा पैसा आहे, आपल्या घरचा कुठं गेला. हे वाक्य मी या वर्षात पन्नासवेळा ऐकलंय. महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण कमिशनपुढं निवेदन दिलं त्यात हाच मुद्दा होता, की सरकारचा महसूल हा मुख्यतः रयतेच्या घामातनं येतो आणि तिच्या मुलांच्या शिक्षणावर मात्र फार थोडा खर्च होतो. दीडशे वर्षं होत आली आणि आमच्या गावात अजून बायका म्हणतात आपला कुठं गेला. माचिस घेतली तरी आपण टॅक्स भरतो.

तर मी एकटीनं जायचं नाही हे ठरवलं. एकटी बाई गेली की तिला येडी ठरवतात, नाहीतर तिच्या नवऱ्याला बोलावून समज देतात. आधी वहीत ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या बायकांकडं गेले. सात जणी निघाल्या. त्यातल्या पाच जणींना माहीतच नव्हतं की त्या सदस्य आहेत. एक मावशी आहेत, त्यांचा नातू दुसरीला, त्या म्हणाल्या, "मला वाटलं निराधारच्या पगाराचा अंगठा हाय." एकीचं तर लेकरू शाळा सोडून मामाच्या गावी गेलेलं, तरी नाव तसंच. बसलो सगळ्या आमच्या ओट्यावर, मी फोटोतली पानं मोठ्यानं वाचून दाखवली. "सदर खर्चास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली" हे वाचलं तेव्हा मावशी म्हणाल्या, परत वाच. मी परत वाचलं. त्या म्हणाल्या, सर्वानुमते म्हणजे माझं बी मत त्यात आलं का? म्हणलं आलं. मग त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

मला वाटतं खरी सुरुवात तिथून झाली, त्या मोठ्यानं वाचण्यातून. कागद कपाटात असतो तोवर तो सरांचा असतो, ओट्यावर वाचला की तो सगळ्यांचा होतो.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघी शाळेत खिचडी शिजताना गेलो. सांगून गेलो. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ असा नियम आहे, देशभर एकच. त्या दिवशी हजर होती लहान ४४ आणि मोठी २९. मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला, लहानांचे ४ किलो ४०० आणि मोठ्यांचे ४ किलो ३५०, म्हणजे पावणेनऊ किलो तांदूळ शिजायला पाहिजे, डाळ पावणेदोन किलो. सोबतच्या वहिनींचं किराणा दुकान आहे, त्यांनी दुकानातला वजनकाटाच उचलून आणला होता. स्वयंपाक करणाऱ्या काकूंना म्हणलं आज काढलेला तांदूळ दाखवा, त्यांनी पातेलं पुढं केलं. भरला सहा किलोच्या थोडा आत. डाळ एक किलोला पण कमी.

काकू घाबरल्या, रडायलाच लागल्या, म्हणाल्या मला एवढंच काढून देतात ओ, मी कुठं नेते. आणि ते खरं होतं, कोठीची किल्ली त्यांच्याकडं नव्हतीच. हे मी मुद्दाम लिहितेय कारण अशा वेळी गावातले लोक पहिला आळ घेतात तो सगळ्यात गरीब माणसावर. ज्या बाईला चुलीपुढं धूर खाऊन तुटपुंजं मानधन मिळतं, ते पण वेळेवर नाही, तिच्यावर चोरीचा आळ घालून आपण हिशोब मागितला असं समाधान करून घ्यायचं नाही. मी त्यांना म्हणलं काकू तुम्हाला रोज किती काढून देतात तेवढं फक्त खडूनं दारामागं लिहीत जा. त्या सातवी शिकलेल्या आहेत. त्यांनी बावीस दिवस लिहिलं, तारखेसकट. तो दरवाजा आमचा सगळ्यात मोठा पुरावा ठरला.

शौचालयाचं मात्र मला शांतपणे लिहिता येत नाही. मुलींचं वेगळं शौचालय कायद्याप्रमाणे पाहिजे आणि शाळेत ते आहे, बांधलेलं आहे, टाईल्स लावलेलं आहे. पण कुलूप. का तर घाण होतं, साफ कोण करणार, आणि तपासणीला कोणी साहेब आले तर चांगलं दिसलं पाहिजे. सहावी-सातवीच्या मुली दुपारच्या सुट्टीत घरी यायच्या त्या परत जायच्याच नाहीत, आणि महिन्यातले चार-पाच दिवस तर शाळेतच जायच्या नाहीत. आयांना वाटायचं पोरीला शाळेची आवड नाही. माझ्या पुतणीनं मला सांगितलं तेव्हा ती खाली बघत होती, जणू चूक तिची. १३ वर्षांची पोर. त्याच वर्षीच्या बिलात स्वच्छता साहित्याचे २,८०० रुपये आहेत.

आता सरांबद्दल. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा भांडायच्या तयारीनंच गेले होते. ते आधी चिडले, मग खुर्चीत मागे टेकून बसले आणि म्हणाले, ताई मंजूर शिक्षक चार, त्यातला एक पंचायत समितीत कामगिरीवर गेलाय तो दोन वर्षं परत नाही, सात वर्ग आम्ही तिघं बघतो, त्यात मी रोज दोन-तीन तास ऑनलाईन माहिती भरतो, कधी आधारची, कधी खिचडीची, कधी कुठल्या सप्ताहाचे फोटो अपलोड करायचे. अध्यक्ष म्हणतात अमक्याच्या दुकानचं बिल लाव, नाही लावलं तर गावात राहणं मुश्कील करतात. मी एकटा कुणाकुणाला नाही म्हणू?

मी त्यांचं सगळं खरं धरलं नाही, तांदळाच्या कोठीची किल्ली त्यांच्याच खिशात होती. पण खोटं पण धरलं नाही. कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. तो चौथा शिक्षक कार्यालयात बसून काय करतोय हा प्रश्न सरांनी एकट्यानं विचारायचा नाही, तो आम्ही विचारायला पाहिजे होता, आणि दोन वर्षं आम्ही विचारला नाही. समिती खरी असती तर सरांना पण आधार असता. हे मला तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये बसून पहिल्यांदा समजलं.

मग आम्ही पालकसभेची मागणी लेखी दिली, ४१ पालकांच्या सह्या घेऊन. यावेळी प्रत्येकाला आधी अर्ज वाचून दाखवला, मग सही. दोघांनी वाचून झाल्यावर सही करायला नकार दिला, म्हणलं हरकत नाही, वाचून नकार दिला हे पण चांगलंच. सोबत पंचायत समितीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, तीन वर्षांची कॅशबुक, व्हाउचर, साठा रजिस्टर आणि समिती गठनाची कागदपत्रं मागितली. तीस दिवसांची मुदत असते, एकोणतिसाव्या दिवशी पत्र आलं की पैसे भरून झेरॉक्स न्या. नेल्या. समिती ज्या पालकसभेत निवडली म्हणून लिहिलंय त्या तारखेला गावची यात्रा होती. गावातल्या शेंबड्या पोराला पण विचारा, यात्रेच्या दिवशी आमच्या शाळेला सुट्टी असते.

पालकसभा झाली ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या चार दिवस आधी. त्याआधी बराच दबाव आला, नवऱ्याला सोसायटीत बोलावून सांगितलं बायकोला आवर. तो घरी येऊन गप्प बसला आणि मग मला म्हणाला, जातो मी पण सभेला. एवढंच म्हणाला. पण तो आला आणि पुढच्या रांगेत बसला.

सभेत अध्यक्ष म्हणाले शाळेची बदनामी चालवलीय, पट कमी झाला तर शाळा बंद पडेल, त्याला या बायका जबाबदार. हे ऐकून बरेच लोक चुळबुळले, कारण भीती खरी आहे, कमी पटाच्या शाळांचं काय होणार ही धास्ती प्रत्येक खेड्यात आहे. मी उत्तर देणार होते पण त्याआधी दुकानवाल्या वहिनी उठल्या. त्यांनी भाषण केलं नाही, त्यांनी चौथीतली चार मुलं पुढं बोलावली आणि एक दुसरीच्या पातळीची आठ-दहा ओळींची गोष्ट त्यांच्या हातात दिली. असर म्हणून मुलांना वाचता येतं का हे बघणारी एक पाहणी होते, तिच्यात असते तशी साधी चाचणी, आधी अक्षर, मग शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट, कोणतं मूल कुठं थांबतं ते बघायचं. एकानं गोष्ट घडाघडा वाचली. दोघं शब्दांवर अडकले. आणि एक पोरगा, हुशार आहे तो, बैल हाकतो, मोटर चालू करतो, गणितं तोंडी करतो, तो कागदाकडं बघत उभाच राहिला. बघता बघता त्याचे कान लाल झाले.

मला ते आवडलं नाही, अजून पण आवडत नाही, लेकराला चारचौघांत उभं करायला नको होतं, मी वहिनींना नंतर तसं बोलले आणि त्यांनी पण मान्य केलं. पण त्याचा बाप मागं उभा होता, तो पुढं आला, पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि अध्यक्षांना म्हणाला, "शाळा बंद पडंल म्हणता, माझ्या पोरासाठी ती कवाच बंद पडलीय." त्यानंतर सभेत कुणी आवाज चढवला नाही.

त्या दिवशी समिती बरखास्त वगैरे काही झाली नाही, तसं सभेत हात वर करून होत पण नाही. ठराव झाला, तो तिथंच सगळ्यांसमोर लिहिला आणि मोठ्यानं वाचला, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो परत मांडला. मग कलम ३२ खाली लेखी तक्रार दिली. हे कलम फार कमी लोकांना माहितीये. मुलांच्या हक्काबद्दल कुणाचीही तक्रार असेल तर स्थानिक प्राधिकरणाकडं, म्हणजे जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थेकडं, लेखी द्यायची, त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय करायचा, पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील. आम्ही तक्रारीत कुणालाच चोर म्हणलं नाही. वहिनींचा भाऊ म्हणत होता कडक भाषा लिहा, मी म्हणलं नको, आपण फक्त कागदाला कागद लावू: ठरावाची तारीख, यात्रेची तारीख, फिल्टरचं बिल, फिल्टरचा फोटो, दारामागचे खडूचे आकडे, साठा रजिस्टरचे आकडे, आणि माझ्या सहीच्या बाजूचा पिठाचा डाग. तो डाग मी खरंच लिहिला. ज्या बैठकीला मी शाळेत हजर असल्याचं लिहिलंय त्या वेळी मी चुलीपुढं होते आणि वही माझ्या घरी होती, हे त्या पानावरच दिसतं असं लिहिलं.

चौकशीला गटशिक्षणाधिकारी स्वतः आले. तीन महिन्यांचे साडेचार झाले, चार वेळा तालुक्याला खेटे घातले, एका खेपेला एसटी चुकली म्हणून रात्री नऊला घरी आले. शेवटी समिती नियमबाह्य ठरली आणि नवीन समिती पालकसभेतनं निवडायचा आदेश आला.

काय झालं आणि काय नाही ते खरं खरं सांगते. नवीन समिती झाली, चौदा जणांची, सगळ्या पालकांची लेकरं याच शाळेत आहेत. अध्यक्ष आता त्या बैलवाल्या पोराचा बाप आहे. शौचालयाचं कुलूप निघालं, आता किल्लीच ठेवली नाही, आतनं कडी आहे, आणि सफाईसाठी ग्रामपंचायतीनं माणूस द्यायचं कबूल केलंय, तो आठवड्यातनं दोनदा येतो, रोज यायला पाहिजे. तांदूळ आता काट्यावर मोजून निघतो आणि रोज एक आई चव बघायला असते, तिची वेगळी वही आहे. व्हरांड्यातल्या भिंतीवर काळा चौकोन रंगवून घेतलाय, त्यावर किती पैसे आले आणि कशाला गेले ते खडूनं लिहितो. फिल्टर दुरुस्त झाला, बिल निघाल्यानंतर चौदा महिन्यांनी. खेळाच्या साहित्याचे ६,००० कुठं गेले ते कळलं नाही, कुणावर कारवाई झाली नाही, सरांना एक नोटीस मिळाली आणि अध्यक्षांना काहीच नाही. ते आता माझ्याशी बोलत नाहीत, त्यांच्या घरच्या बायका हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. चौथा शिक्षक अजून आलेला नाही. त्यासाठी आता वरपर्यंत पत्रव्यवहार चालू आहे.

आणि त्या पोराला वाचता येतं का? बाई रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबतात, गावातल्या डीएड झालेल्या दोन पोरी पण येतात. तो आता परिच्छेदापर्यंत आलाय, गोष्टीवर अजून अडखळतो.

कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळात एक रुपया म्हणजे काय. मी हे सासऱ्यांकडनं ऐकलं होतं पण या वर्षी त्याचा अर्थ लागला. मूल शाळेत पाठवलं म्हणजे आपलं काम झालं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पाठवल्यावर ते तिथं काय खातं, काय पितं, कुठं जातं, काय वाचतं, हे बघायला आम्ही फाटकाच्या आत गेलोच नाही. सही तेवढी बाहेरनं देत राहिलो.

तुमच्या गावात पण ही समिती आहे, कागदावर तर नक्कीच आहे. उद्या मुलाला सोडायला जाल तेव्हा विचारा की सदस्य कोण कोण आहेत. कदाचित तुमचंच नाव निघेल. शाळेचा यू-डायस नंबर पण विचारून घ्या, अकरा आकडी असतो, आपल्याकडचा २७ ने सुरू होतो, त्यावर शाळेचं रिपोर्ट कार्ड ऑनलाईन दिसतं, शौचालय चालू आहे का, पाणी आहे का, शिक्षक किती, सगळं शाळेनं भरलेलं असतं. मग ते हातात धरून शाळेत एक चक्कर मारा आणि जुळतंय का बघा. आमच्या रिपोर्ट कार्डावर शौचालय कायम चालूच होतं.

नवीन समितीचा पहिला ठराव एका ओळीचा आहे, वही शाळेच्या फाटकाबाहेर जाणार नाही. गेल्या शनिवारी बैठक होती, चौदापैकी अकरा जण आलेले, कामगिरीवरच्या शिक्षकाचं पत्र मंजूर करायचं होतं. एक सदस्य आहे, लहान वयाची आहे, मोठा मुलगा पहिलीला आणि कडेला तीन महिन्यांचं बाळ, ती आली नव्हती. कुणीतरी सवयीनं म्हणालं, पोराच्या हातनं वही पाठवा तिच्याकडं, सही करून देईल. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "वही नाय जायची. मी जाते, तिला घेऊन येते. बाळ मी धरते, तिला वाचू द्या." आणि चप्पल घालून निघाल्या. आम्ही सगळे थांबलो. वीस मिनिटं लागली असतील, मग दोघी येताना दिसल्या, बाळ मावशींच्या खांद्यावर झोपलेलं. मी पत्र पहिल्यापासून परत वाचायला घेतलं.